दोन निवडणुकांच्या दरम्यान मतदार

निवडणुकीत मतदार आपला प्रतिनिधी निवडतो. परंतु पुढील पाच वर्षे त्याच्यावर मतदाराचा अंकुश कसा राहतो? भारतात संसद सदस्याला परत बोलावण्याचा अधिकार मतदाराला नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत हा 'धनी आणि मुखत्यार' यांच्यातील प्रश्न आहे. काम मुखत्यार करतो, परंतु त्याने नेमके काय केले याची माहिती धन्यापाशी नसते. म्हणून प्रतिनिधी कोठे बांधलेला आहे आणि कोठे मोकळा आहे, हे मतदाराने प्रथम जाणून घेतले पाहिजे.

बंधन आणि मोकळीक

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावी अनुसूची समाविष्ट झाली. तेव्हापासून पक्षादेश मोडून मतदान करणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व धोक्यात येते. त्यामुळे एखाद्या विधेयकावर विरोधी मत देण्याचा आग्रह मतदारांनी धरला, तरी तो बहुधा निष्फळ ठरतो. मात्र प्रश्न विचारण्यास पक्षादेशाची आडकाठी सहसा नसते. लोकसभेत दररोज २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न सूचीत येतात आणि त्यांची उत्तरे कायमची नोंद बनतात. १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या कार्यरत आहेत. तेथे विधेयकांची छाननी होते आणि अनेकदा जनतेकडून सूचनाही मागविल्या जातात. याशिवाय दोन्ही सभागृहांच्या याचिका समित्या आहेत. मोघम तक्रारीपेक्षा आकडे, तारखा आणि कागदपत्रे जोडलेले निवेदन प्रतिनिधीला प्रश्नाचे रूप देण्यास सोपे जाते.

माहितीचे सामर्थ्य

राजस्थानचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे जनसुनावणी घेतली. हजेरीपट व बिले गावासमोर वाचली गेली आणि कागदावरील खर्च व प्रत्यक्ष काम यांतील तफावत उघड झाली. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत अशा नोंदींच्या प्रती नागरिकांना मिळतील, असे आश्वासन दिले. वर्षभरात त्याची अंमलबजावणी न झाल्याने एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवसांचे धरणे झाले. सभागृहातील शब्दाचे स्मरण करून देणारे मतदार संघटित होते, हे येथे महत्त्वाचे. पुढे २००० मध्ये राजस्थानने आणि २००५ मध्ये संसदेने माहिती अधिकाराचा कायदा केला.

या कायद्यानुसार सामान्यतः ३० दिवसांत माहिती मिळावी लागते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेचे उदाहरण घेऊ. २०११-१२ पासून या योजनेची वार्षिक मर्यादा ५ कोटी रुपये झाली. खासदार कामांची शिफारस करतो, तर मंजुरी व अंमलबजावणी जिल्हा प्राधिकरणाकडे असते. एखादे काम रखडले असेल, तर ते शिफारशीअभावी की अंमलबजावणीतील विलंबामुळे, हे कागदपत्रांवरून कळते. दोष कोणाचा हे ठरल्याशिवाय जाब विचारता येत नाही.

मर्यादा

हे मार्ग सर्वांना समान सुलभ नाहीत. ज्याची दिवसाची मजुरी बुडते, त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे परवडत नाहीत. संघटित गटांचा आवाज प्रतिनिधीपर्यंत लवकर पोहोचतो, विखुरलेल्यांचा नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले, त्याचे मोल म्हणूनच मोठे आहे. तेथे मतदाराला प्रवास करावा लागत नाही आणि त्याचा प्रश्न शेजाऱ्यांच्या साक्षीने विचारला जातो. तथापि, गणपूर्ती केवळ कागदावर दाखविली गेली, तर हे व्यासपीठही निरर्थक ठरते.

सारांश, मत हे प्रतिनिधीला दिलेले अधिकारपत्र आहे. त्याचा हिशेब मागण्याची साधने मात्र निराळी आहेत. माहिती, लेखी नोंद आणि सामूहिक पाठपुरावा ही तिन्ही एकत्र आली, तरच पुढील निवडणुकीतील मत अंदाजाने नव्हे, तर पुराव्याच्या आधारे दिले जाईल.