संगणकप्रणालीच्या खर्चाचा हिशेब

‘मुक्तस्रोत प्रणाली विनामूल्य मिळत असताना विकतची का घ्यावी?’ असा प्रश्न देणगीदार आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु परवानाशुल्क हा खर्चाचा केवळ एक भाग होय. जुन्या नोंदींचे स्थलांतर, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण व देखभाल यांचा भार दोन्ही मार्गांत उचलावाच लागतो.

विकतच्या प्रणालीची मुदत उत्पादक ठरवतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले. अनेक चालते संगणक पुढील आवृत्तीस अपात्र ठरले. उलटपक्षी, जर्मनीतील म्यूनिक महापालिकेने सुमारे १५,००० संगणकांवर लिनक्स बसवूनही २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. म्हणजेच निर्णय निभावण्याची तयारीही हिशेबात धरावी लागते.

छत्तीसगडमधील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगाच्या रुग्णालयात ‘बहमनी’ ही मुक्तस्रोत प्रणाली प्रथम वापरात आली. अशा प्रणालीत परवान्याचे पैसे वाचतात, पण जाणकार माणूस हाताशी लागतो.

म्हणून पाच वर्षांचा एकूण खर्च मांडूनच तुलना करावी आणि रुग्णांच्या नोंदी अन्य प्रणालीत नेण्याची मुभा करारात लिहून घ्यावी, असे आम्हांस वाटते. येथे वाचणारा प्रत्येक रुपया रुग्णाच्या औषधोपचाराचा आहे.