पडसे, खोकला आणि प्रतिजैविके

पावसाळा सरून हवा पालटली की आमच्या धूलकोट भागात घरोघरी सर्दी-पडसे सुरू होते. मजुराचा दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून रोगी म्हणतो, "डॉक्टरसाहेब, जोरदार गोळी द्या." ही जोरदार गोळी बहुधा प्रतिजैविक, म्हणजेच अँटिबायोटिक असते. पडशात ती खरोखर उपयोगी पडते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

जीवाणू ही एक स्वतंत्र पेशी असते. बहुतेक जीवाणूंच्या पेशीभोवती भित्तिका असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली सापडलेले पेनिसिलीन ही भित्तिका नीट बांधू देत नाही. त्यामुळे जीवाणू फुटून मरतो. विषाणूला मात्र ना पेशी, ना भित्तिका. तो आपल्याच पेशीत शिरून वाढतो. जेथे भिंतच नाही, तेथे भिंत पाडणारे औषध काय करणार? इतर प्रतिजैविकेही जीवाणूंच्याच यंत्रणेवर घाव घालतात. साधे पडसे आणि इन्फ्ल्युएन्झा हे तर विषाणूंचेच रोग होत.

मग गोळीने उतार पडल्याचा अनुभव कसा येतो? पडसे बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते. चौथ्या दिवशी गोळी घेतली, सहाव्या दिवशी बरे वाटले, की श्रेय गोळीला मिळते. शेंबूड पिवळा झाला एवढ्यावरूनही जीवाणूंचा संसर्ग सिद्ध होत नाही. कोविडच्या साथीत अ‍ॅझिथ्रोमायसिन सर्रास दिले गेले. परंतु ब्रिटनमधील रुग्णालयांत साडेसात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही, हे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

निरुपयोगी औषध निरुपद्रवी असतेच असे नाही. जुलाब, पुरळ हे त्रास होतातच. शिवाय शरीरातील जीवाणू त्या औषधाला सरावतात. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक कल्पित उदाहरण दिले होते. घसा दुखतो म्हणून एकाने अपुरे पेनिसिलीन घेतले. त्याच्या घशात सरावलेले जंतू पत्नीला लागले, तिला न्यूमोनिया झाला, आणि औषध न लागू पडून ती दगावली. चूक एकाची, शिक्षा दुसऱ्याला! मध्य प्रदेश शासनाने या संकटावर २०१९ मध्ये राज्य कृती योजना आखली.

परंतु प्रतिजैविक नकोच, असा अर्थ कोणी घेऊ नये. जीवाणूंच्या न्यूमोनियात ते प्राण वाचवते. म्हणून मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. पुढील खुणा दिसल्यास विलंब न करता दवाखाना गाठावा:

(१) दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक श्वास;
(२) दोन महिने ते एक वर्ष, ५० किंवा अधिक;
(३) एक ते पाच वर्षे, ४० किंवा अधिक;
(४) श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, किंवा मूल अंगावर न पिणे.

एरवी विश्रांती, कोमट पेये आणि तापापुरते पॅरासिटामॉल पुरते. डॉक्टरांकडे गोळी मागण्याऐवजी "हा रोग जीवाणूंचा की विषाणूंचा?" असे विचारावे. आपण शिकलेल्या मुलांनी घरी एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले.