जळाऊ लाकडाची ओळख आणि वृक्षरोगांची लक्षणे

बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. अशा वसाहतींत ज्या कारखान्यांचे बाष्पक लाकडावर चालतात, तेथे लाकूड बहुधा सालीसकट येते आणि एकाच राशीत अनेक जातींचे ओंडके मिसळलेले असतात. पाने, फुले व फळे रानातच राहिलेली असल्यामुळे वृक्ष ओळखण्यासाठी साल, आडवा छेद, वजन आणि वास एवढीच साधने उरतात. ती पुरेशी आहेत. मात्र प्रथम जात निश्चित करावी आणि मगच रोग शोधावा. हा क्रम उलटल्यास निरोगी लाकूड रोगट ठरते आणि रोगट लाकूड निर्धास्तपणे स्वीकारले जाते.

निलगिरी आणि सुरू ही दोन झाडे याचे उत्तम उदाहरण होत. निलगिरीची जुनी साल लांब पट्ट्यांनी सुटून खाली गुळगुळीत, फिकट खोड दिसते. ही तिची स्वाभाविक वाढ होय. तिच्या लाकडात दिसणारा गडद तांबडा डिंकही कुजण्याचे लक्षण नव्हे. सुरूची साल मात्र खडबडीत व तपकिरी असते. लाकूड तांबूस, अतिशय कठीण आणि जड असते. सुरूच्या सालीवर फोड येऊन त्यांखालून काजळीसारखी काळी भुकटी निघू लागली, तर तो फोडरोग समजावा. ती भुकटी म्हणजे रोगकारक कवकाचे बीजाणू. उभ्या झाडाचा शेंडा पिवळा पडून वाळू लागणे हे त्याच रोगाचे दुसरे लक्षण आहे. एका झाडात जे आरोग्य, ते दुसऱ्यात मरणाची खूण ठरते.

रंगाचेही असेच आहे. ओंडक्याचे टोक धारदार सुरीने गुळगुळीत कापून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावे. चिंचेच्या रुंद पिवळसर बाह्यकाष्ठाच्या आत जांभळट-तपकिरी, वेडावाकडा गाभा दिसतो. तो निरोगी असतो. आंब्याच्या फिकट, हलक्या लाकडात गडद डाग दिसल्यास मात्र अधिक तपास करावा. बाभळीच्या काळपट सालीवरील खोल उभ्या भेगा ही तिची ओळखच आहे.

खरी कूज बोटांनाही कळते. पांढऱ्या कुजीत लाकूड मऊ, तंतुमय व स्पंजासारखे होते. तपकिरी कुजीत ते चौकोनी तुकड्यांत तडकते आणि चिमटीत चुरते. बुंध्याशी फळीसारखे वाढलेले कठीण भूछत्र आतील कुजीची सूचना देते. कुजलेले लाकूड आकाराच्या मानाने हलके असते, म्हणून तेवढ्याच ढिगातून उष्णता कमी मिळते. याउलट केवळ निळसर छटा आलेले लाकूड सहसा पूर्वीइतकेच बळकट राहते.

काही रोग ओंडक्यावर दिसतच नाहीत. पीण्यापासून फार दूर नसलेल्या मल्लेश्वरम् येथील काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत चंदनाचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. चंदनाच्या कणिश रोगाची नोंद कोडगूमध्ये १८९९ साली झाली. या रोगात पाने बारीक व ताठ होऊन गुच्छाने उभी राहतात. परंतु झाड तोडल्यावर ही खूण उरत नाही. म्हणून रोगाची चौकशी वखारीत नव्हे, उभ्या झाडापाशी सुरू व्हावी.

अग्नी कवकाचा नाश करतो. धोका असतो तो लाकूड पेटण्यापूर्वीच्या दिवसांत. वाहतुकीत व साठवणीत सालीखालील बीजाणू आणि पोखरकिडे नव्या ठिकाणी पोहोचतात. यासाठी फोड आलेले ओंडके जिवंत सुरूंजवळ रचू नयेत, आल्याबरोबर प्रथम तेच जाळावेत आणि त्यांची गळलेली सालही झाडून भट्टीत घालावी. ज्याने ओंडक्याची जात ओळखली, त्यालाच त्यातील कोणता ओंडका थांबू शकतो आणि कोणता नाही, हे सांगता येईल.