मोटारउद्योग : सवलतीची किंमत

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून मोटारींच्या सरासरी इंधनक्षमतेची मानके निश्चित केली. मात्र हलक्या मालवाहू वाहनांसाठीची मानके तुलनेने सौम्य ठेवण्यात आली. बहुतांश ‘एसयूव्ही’ वाहनांची गणना याच वर्गात होत असल्याने आणि त्यांवरील नफाही मोठा असल्याने अमेरिकी कंपन्यांनी त्यांवर भर दिला. कमी इंधन लागणाऱ्या व क्वचित बिघडणाऱ्या लहान मोटारींची बाजारपेठ प्रामुख्याने जपानी कंपन्यांनी काबीज केली.

जुलै २००८ मध्ये खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरवर पोहोचले. पाठोपाठ वित्तीय संकटाने कर्जपुरवठा आटला. २००९ मध्ये क्रायसलर व जनरल मोटर्स यांनी दिवाळखोरी पत्करली. सुमारे ८० अब्ज डॉलरच्या सरकारी साहाय्याने उद्योग सावरला. परंतु अनेक कारखाने बंद पडले, हजारो कामगार बेकार झाले.

भारतात अशी मानके २०१७-१८ पासून लागू झाली आणि २०२२-२३ पासून अधिक कठोर झाली. तथापि वाहनांचे सरासरी वजन वाढते तशी मर्यादा येथेही शिथिल होते. नियमातील सवलत प्रारंभी किरकोळ भासते. कालांतराने तीच उद्योगाची दिशा ठरविते, आणि तिची किंमत अखेर कामगार व करदाते यांनाच मोजावी लागते.