लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड : घ्यावं की नाही?

वलगावात सोयाबीनच्या पैशातून घेतलेल्या लॅपटॉपवर मोठा गेम अडखळतो. मग वाटतं, बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडलं तर? जोडता येतं, पण आधी हिशेब करा.

डेस्कटॉपमध्ये कार्डाला सहसा १६ पीसीआय एक्सप्रेस लेन मिळतात. थंडरबोल्ट ३ च्या केबलमधून जास्तीत जास्त ४. आपल्या पेढी नदीवरचा पूल आठवा. रस्ता कितीही रुंद केला तरी पूल अरुंद असेल तर गाड्या खोळंबणारच. म्हणून महागडं कार्डही इथं पूर्ण वेग देत नाही. चित्र लॅपटॉपच्याच पडद्यावर आणलं, तर परतीची वाहतूकही त्याच पुलावरून होते. त्यापेक्षा कार्डाला वेगळा मॉनिटर जोडलेला बरा.

म्हणजे खर्च नुसत्या कार्डाचा नाही. पेटी, पॉवर सप्लाय आणि मॉनिटरचाही. शिवाय लाईन गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण पेटी बंद पडेल. गेम तिथंच संपला!

करून पाहा : आपल्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘थंडरबोल्ट’ शोधा. प्रत्येक यूएसबी-सी पोर्ट थंडरबोल्ट नसतो. सापडलं आणि प्रोसेसरही दमदार असेल, तर विचार करा. नसेल, तर आधी गेमची सेटिंग कमी करून बघा, आणि बाबांकडे पैसे मागायची घाई करू नका.