वारा आणि घरचे विमान

कुंडलच्या डोंगरावर वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. पुठ्ठा आडवा धरून त्याची पुढची कड किंचित उचला. पुठ्ठा वर ढकलला जातो ना? विमानाच्या पंखांनाही हवा अशीच उचलते. हवेचा वेग दुप्पट झाला, की ही उत्थापक प्रेरणा चौपट होते.

समजा, एका छोट्या विमानाला उडण्यासाठी ताशी ८० किलोमीटर वायुवेग हवा. समोरून २० चा वारा असेल, तर धावपट्टीवर ६० चा वेग पुरतो. वारा मागून असेल, तर १०० लागतो.

मूळचे सातारा जिल्ह्यातील कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. त्याची नोंदणी २०१७ साली झाली आणि धुळ्याला चाचण्या २०२० साली. घरी बांधलेल्या विमानाचा सुरक्षित वायुवेग अशा चाचण्यांतूनच ठरतो.

वारा पाठीशी असला, की जमीन झरझर मागे पळते आणि वेग भरपूर असल्याचा भास होतो. कमी उंचीवर वैमानिक या भासाला फसला आणि त्याने वेग घटवला, तर विमान कोसळू शकते. म्हणून तो डोळ्यांवर नव्हे, वायुवेगमापकावर विश्वास ठेवतो.

आता सांगा: वर दिलेल्या विमानाला समोरून ३० चा वारा असल्यास धावपट्टीवर किती वेग पुरेल?