अर्जदार क्र. २

मामा पिरंगुटचे, भाची पुण्यात वकिली करते. मामा आले होते ते एका मित्राची अडचण घेऊन.

मामा : अगं, माझ्या दोस्ताची फारकत झाल्यापासून त्याची पोरगी आईजवळ होती, पिरंगुटला. आता एकोणीस पुरी झाली आणि गेल्या महिन्यात स्वतःहून कोळवणला बापाच्या घरी राहायला आली. यानं पोटगी बंद केली. म्हणतो, पोरगी माझ्याकडं जेवते, मग पैसे कुणाला पाठवू?

भाची : बंद किती केली? मुलीची, की सगळी?

मामा : सगळी. नऊ हजार जायचे. हा बघ हुकमाचा फोटो.

भाची : इथं नीट बघा, मामा. अर्जदार क्र. १ आई, ४,००० रुपये. क्र. २ मुलगी, २,५००. क्र. ३ मुलगा, २,५००. एकाच खात्यात जमा होत असले तरी हे तिघांचे तीन वेगळे हक्क आहेत. मुलगी कोळवणला आली म्हणून आईचे चार हजार कसे थांबतील? मुलगा तर सोळाचाच आहे आणि आईपाशीच राहतो.

मामा : बरं, पोरीचे तरी थांबवले ते बरोबर ना?

भाची : थांबले ते वयामुळं, घर बदलल्यामुळं नाही. हुकमात ‘सज्ञान होईपर्यंत’ असं लिहिलंय. हा हुकूम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तेच कलम १४४ झालं. त्यात मुलांना अठरापर्यंतच पोटगी. पुढं मिळते ती शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळं स्वतःचं भागवता न येणाऱ्यांना, आणि त्यातही लग्न झालेली मुलगी नाही. अठराच्या आधीचं काही थकलं असेल, तर ते मात्र द्यावंच लागेल.

मामा : म्हणजे पोरीच्या बाबतीत बाप सुटला.

भाची : अजिबात नाही! हिंदूंसाठी १९५६ चा दत्तक आणि निर्वाह कायदा आहे. त्याचं कलम २० सांगतं की अविवाहित मुलगी जोवर स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागवू शकत नसेल, तोवर तिला पोसायची जबाबदारी आईबापांवर आहे. तिथं अठराची अट नाही, आणि ती कुणाच्या घरात राहते याचीही नाही. हरियाणातल्या रेवाडीच्या एका मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये हेच सांगितलं. कलम १२५ खाली सज्ञान, धडधाकट मुलीला पोटगी मिळणार नाही, पण ती १९५६ च्या कायद्याखाली मागू शकते.

मामा : पण ती तर बापाकडंच राहते!

भाची : जेवण, राहणं तो देतोय, ते कोर्ट हिशोबात धरेलच. पण निर्वाहात शिक्षण आणि औषधपाणीही येतं. उद्या ती कॉलेजसाठी पुण्यात होस्टेलला गेली आणि यानं हात वर केले, तर ती स्वतःच्या नावानं दावा लावेल. आता ती कुणाच्या ताब्यातली नाही. कुठं राहायचं ते तिचं ती ठरवते. आणि आई कमावती असेल तर तिच्यावरही तीच जबाबदारी आहे. कलमात दोघंही आहेत.

मामा : आणि पोरगा अठराचा झाला की?

भाची : तिथं कायदा तोकडा पडतो आणि मला ते मनापासून खटकतं. बारावीतला मुलगा वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कमवायला लागत नाही. त्याची फी, एसटीचा पास, जेवण सगळं जिच्या घरी तो राहतो त्या आईच्या अंगावर पडतं. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं हे ओळखलं आणि सज्ञान मुलाचा खर्च उचलणाऱ्या आईला अंतरिम पोटगी मंजूर केली. आपल्याकडंही त्या निकालाच्या आधारे युक्तिवाद करता येतो. म्हणून फारकतीच्या वेळीच कन्सेंट टर्म्समध्ये ‘पदवी पूर्ण होईपर्यंत शिक्षणाचा खर्च’ असं लिहून घ्या, असं मी प्रत्येक आईला सांगते.

मामा : मग दोस्तानं आता करायचं काय?

भाची : परिस्थिती बदलली, रक्कम झेपत नाही, असं म्हणणं असेल तर नव्या संहितेच्या कलम १४६ खाली अर्ज करायचा. आपल्या मनानं कापायचं नाही. आईनं वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि आत जाऊन आलं म्हणून थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच सांगून ठेवलंय.

मामा : पोरीला वकील परवडायचा नाही, गं.

भाची : बाईमाणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. विधी सेवा समितीकडं अर्ज करायचा. आधार, बारावीची गुणपत्रिका आणि कॉलेजच्या फीची पावती घेऊन तिला एकटीलाच माझ्याकडं पाठवा. आणि दोस्ताला फोन लावा. क्र. १ आणि क्र. ३ चे साडेसहा हजार त्यानं आजच भरायचे आहेत.